गळकऱ्याचे शब्द : भीमेकाठच्या एका छंदाची बोली व विचार

सोलापूर हे शहर मासळीसाठी प्रसिद्ध नाही. चादर, टॉवेल, शेंगाची चटणी आणि कडक भाकरी यांच्यावरून त्याची ओळख सांगितली जाते. पाऊस बेताचा, समुद्र दूर, आणि उन्हाळा असा की तलावाच्या तळाला भेगा पडाव्यात. तथापि याच जिल्ह्यातून भीमा वाहते, सीना तिला मिळते, आणि माढे तालुक्यात उजनी येथे १९८० साली पूर्ण झालेल्या धरणाने सुमारे ११७ अब्ज घनफूट पाणी अडविले आहे. शहराच्या जवळच विजापूर रस्त्यावर कंबर तलाव आहे, आणि उत्तरेच्या अंगाला १८७१ च्या सुमारास बांधलेला एकरुख अथवा हिपरग्याचा तलाव आहे. पाणी असले की मासा येतो, आणि मासा आला की काठी घेऊन काठावर बसणारा माणूसही येतो. प्रस्तुत लेखात या माणसाच्या नित्यक्रमाचा, त्याच्या मतांचा आणि विशेषतः त्याच्या शब्दांचा विचार केला आहे. त्याला येथे सोयीसाठी ‘गळकरी’ म्हटले आहे.

जाळे टाकणारा आणि गळ टाकणारा यांत प्रथमच भेद केला पाहिजे. जाळे हे व्यवसायाचे साधन आहे. भोई व कोळी समाजांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कसबाचे ते फळ असून त्याला होडी, सोबती, बाजार आणि आता सहकारी संस्था व ठेकेदार यांची जोड लागते. गळ एकट्याचा असतो. गळकरी यंत्रमागावरचा कामगार असेल, शिक्षक असेल, निवृत्त पोस्टमन असेल, किंवा ज्याच्या घरात जाळेही आहे असा भोईही असेल. पण गळ हातात असताना तो एकाच वेळी एकाच माशाशी व्यवहार करतो. जाळेवाला पाण्याचा विचार विस्ताराने करतो, तर गळकऱ्याची दृष्टी एका ठिकाणावर खिळलेली असते. दोघांच्या बोलीतील पुष्कळसा फरक यातूनच निर्माण झाला आहे.

अमेरिकेत ‘बास’ नावाच्या शिकारी माशाभोवती गळकऱ्यांचे एक स्वतंत्र विश्व उभे राहिले आहे. त्या माशाच्या सवयी, त्याला भुलविण्याच्या युक्त्या आणि तो सोडून द्यावा की घरी न्यावा याविषयीचे वाद तेथे मोठ्या हिरीरीने चालतात. दख्खनच्या गोड्या पाण्यात हे स्थान मरळीचे आहे. दोन्ही मासे दबा धरून बसणारे, आपल्या पिलांचे रक्षण करणारे, आणि गळाला लागल्यावर शेवटपर्यंत झुंजणारे आहेत. बासचा जाणता गळकरी आणि मरळीचा जाणता गळकरी यांची भेट झाली तर भाषेची अडचण पडेल, पण विषयाची पडणार नाही.

‘गळ’ हा शब्दच मोठा उद्‌बोधक आहे. मराठीत त्याचा अर्थ मासे धरण्याचा लोखंडी आकडा. कानडीत हाच अर्थ ‘गाळ’ या शब्दाला आहे, तुळूतही आहे, आणि तेलुगूत ‘गालमु’ असे रूप आहे. सोलापूर हे मराठी, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषांच्या संगमावर वसलेले शहर. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि बाजारात कानडी ऐकणाऱ्या माणसाला मासा या शब्दासाठी भाषेगणिक वेगळा उच्चार करावा लागतो. मराठीत मासा, कानडीत मीनु, तेलुगूत चेप. परंतु आकड्यासाठी त्याला भाषा बदलण्याची फारशी गरज नाही. स्वर थोडा लांबवला की काम भागते. भाषाकुले भिन्न असली तरी एकाच पाण्यावर वापरावयाच्या साधनाचे नाव सामाईक राहते, याचे हे उत्तम उदाहरण होय. (प्राण्याच्या नावाबाबत उलटा प्रवासही घडला आहे. संस्कृतातील ‘मीन’ हा द्राविडी भाषांकडून आलेला शब्द मानला जातो, आणि तो आज मराठी माणसाच्या कानी पडतो तो मुख्यतः राशीचे नाव म्हणून.)

या शब्दाभोवती एक गैरसमजही आहे. एखाद्याला आग्रह करणे या अर्थी ‘गळ घालणे’ हा वाक्प्रचार माशाच्या गळावरूनच आला, असे सर्रास सांगितले जाते. कल्पना सुंदर आहे, पण व्याकरण तिला साथ देत नाही. मासे धरण्याचा गळ पुल्लिंगी आहे. त्याने गळ टाकला, गळ तुटला. आग्रहाची गळ मात्र स्त्रीलिंगी. त्याने गळ घातली. एकाच बोलीत, एकाच माणसाच्या तोंडी ही दोन लिंगे निरपवादपणे वेगळी राहतात. उलट ‘गळाला लागणे’ हा वाक्प्रचार निःसंशय पाण्याकाठचा आहे, आणि निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रे तो इतका वापरतात की खऱ्या गळकऱ्यास त्याचे हसू यावे.

हा छंद या प्रदेशात नवा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांचे, म्हणजे करमणुकीच्या प्रकारांचे, वर्णन आहे. त्यांत ‘मत्स्यविनोद’ हे स्वतंत्र प्रकरण आहे. माशांच्या जाती, कोणत्या जातीला कोणते खाद्य घालावे, काठी आणि दोरी कशी असावी, मासा ओढू लागला म्हणजे काय करावे, याची त्यात तपशिलाने चर्चा केली आहे. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. सोमेश्वराची राजधानी कल्याण, म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरपासून फार दूर नाही. मराठीच्या अभ्यासकाला हा ग्रंथ परिचित आहे तो त्याच्या संगीतविषयक भागात आलेल्या जुन्या मराठी पद्यांमुळे. त्याच ग्रंथात गळकऱ्याचेही शास्त्र आहे, ही गोष्ट मात्र क्वचितच ध्यानात घेतली जाते. मासा धरण्यापूर्वी ठरलेल्या जागी त्याला खाऊ घालून त्या जागेची सवय लावावी, हा राजग्रंथातील उपदेश आणि आज कणकेचे गोळे पाण्यात टाकून वाट पाहणाऱ्याचा परिपाठ यांत तत्त्वतः काहीही अंतर नाही.

गळकऱ्याचा दिवस उजाडण्यापूर्वी सुरू होतो. सामान थोडेच असते : कळकाची किंवा अलीकडे विकत मिळणारी चरखीची काठी, तंगूस, दोन-तीन मापांचे गळ, शिशाचे वजन, डब्यात ओल्या मातीत ठेवलेली गांडुळे, आणि फडक्यात बांधलेली मळलेली कणीक. तंगूस म्हणजे नायलॉनचा पारदर्शक एकेरी दोरा. पाण्यावर तरंगत राहून खालची हालचाल कळविणारा तुकडा पूर्वी भेंडाचा असे, आता थर्माकोलचाही असतो. गळाच्या टोकाशी मागे वळलेला एक बारीक काटा असतो. गळाची सारी करामत त्या काट्यात आहे. टोक आत सहज जाते, परंतु बाहेर येताना काटा अडतो. अनुभवी माणूस या काट्याला नखावर घासून त्याची धार पाहतो. मासा हातचा गेला की नवशिका दोऱ्याला दोष देतो, जुना माणूस काट्याला.

यानंतरचे काम म्हणजे केवळ पाहणे. मासा दिसत नाही; दिसते ते भेंड. ते थरथरते, डुलते, एका बाजूला कलते, वाहू लागते, आणि एकाएकी बुडते. यांतील प्रत्येक क्रियापदाला गळकऱ्याच्या लेखी वेगळा अर्थ आहे. थरथरणे म्हणजे बारीक मासळी चारा टोचत आहे. त्या वेळी ओढू नये. डुलणे म्हणजे मासा चाखून पाहत आहे. वाहू लागणे म्हणजे त्याने चारा तोंडात धरून चालायला आरंभ केला आहे, पण गिळलेला नाही. बुडणे ही ओढण्याची वेळ. वाचनात जसे चिन्हावरून अर्थाकडे जावे लागते तसे येथे भेंडावरून माशाकडे जावे लागते, आणि दोन्हींत घाई करणाराचा अनर्थ होतो.

मासा मिळाल्याची वार्ता सांगताना गळकरी जी वाक्यरचना वापरतो ती विशेष लक्षणीय आहे. त्याच्या तोंडी ‘मासा लागला’ असे येते. ‘मी मासा धरला’ असे तो सहसा म्हणत नाही. निसटला तर ‘मासा सुटला’. दोरा ‘तुटला’. कर्ता मासा किंवा दोरा. माणूस वाक्याच्या बाहेर. जाळेवाला मात्र ‘मासे धरले’ असे सकर्मक बोलतो. मराठीत ‘लागणे’ हे क्रियापद ज्या गोष्टी माणसाच्या इच्छेवर अवलंबून नाहीत त्यांसाठी मोठ्या प्रमाणावर योजले जाते : भूक लागते, ठेच लागते, दृष्ट लागते, नाद लागतो. गळकऱ्याने मासाही त्याच वर्गात बसविला आहे. याला विनय म्हणावे की अनुभव, हा प्रश्न आहे. परंतु माशाच्या आकाराचा विषय निघाला की तो विनय टिकत नाही हेही नमूद केले पाहिजे. वीत आणि हात ही मापे लवचीक आहेत, आणि सुटलेला मासा लागलेल्या माशापेक्षा नेहमीच मोठा असतो.

मतांचा विचार करता सर्वांत तीव्र मत मरळीविषयी आढळते. मरळ ही कल्ल्यांच्या जोडीने हवेतूनही श्वास घेणारी मासळी आहे. ठराविक वेळाने ती पृष्ठभागावर येऊन हवा घेते आणि एक वलय उमटवून खाली जाते. त्या वलयावरून जाणता गळकरी तिची जागा, तिचा आकार आणि तिची वाट ताडतो. पाणवनस्पतींच्या कडेला, बुडालेल्या झुडपांच्या आसऱ्याने ती दबा धरते. बेडूक हे तिचे आवडते भक्ष्य, म्हणून हल्ली रबराचे बेडूकही गळाला लावले जातात. पिले झाल्यावर त्यांचा तांबूस दिसणारा थवा पृष्ठभागाजवळ फिरत असतो आणि त्याच्या खाली मोठी मरळ पहारा करीत असते. या वेळी थव्याजवळ काहीही पडले तरी ती त्यावर तुटून पडते. नवख्याला ही पर्वणी वाटते. जुना गळकरी मात्र अशा वेळी गळ टाकीत नाही, आणि टाकणाऱ्याला चार शब्द सुनावतो. त्याचा युक्तिवाद असा की त्या क्षणी मरळ चाऱ्यासाठी आलेली नसते, तर शत्रूला हाकलायला आलेली असते. तेव्हा तिला फसविण्यात कसब कसले? शिवाय पहारेकरी गेला की थव्यावर इतर मासे तुटून पडतात आणि पुढच्या सालची मरळ त्याच दिवशी संपते. यातला दुसरा भाग जीवशास्त्राचा आहे, पहिला खेळाच्या नीतीचा. गळकऱ्याच्या बोलण्यात हे दोन्ही एकाच वाक्यात येतात आणि त्यांची फोड करून दाखविली तर त्याला ती अनावश्यक वाटते.

पावसाळ्याच्या आरंभी प्रवाहाविरुद्ध वर जाणाऱ्या ‘चढणीच्या’ माशांबद्दलही असेच मत आहे. त्यांच्या पोटात गाभोळी असते. गाभ या शब्दापासून बनलेले हे नाव गाई-म्हशींच्या गाभणपणाशी माशाला सहज जोडून देते, आणि शेतकरी घरातून आलेल्या गळकऱ्याला त्या माशाविषयी वाटणारा संकोच थोडाफार या शब्दानेच जागा ठेवलेला असावा. अर्थात गाभोळी चवीला उत्तम लागते, त्यामुळे संकोचाचे पालन सर्वत्र सारखे होत नाही.

भीमेच्या माशांची नावे हा खरा समृद्ध विषय आहे. मुंबई सरकारने सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी १८२४ मध्ये नेमलेले विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांचे वर्णन १८३९ साली प्रसिद्ध केले. नव्या जातींना शास्त्रीय नावे देताना त्याने पुष्कळ ठिकाणी स्थानिक नावेच लॅटिन साच्यात घातली. मासे धरणारांच्या तोंडचे मराठी शब्द अशा रीतीने जगाच्या प्राणिशास्त्रात गेले. ‘स्पेराटा सीनघाला’ हा आपला शिंगाळा. ‘रिटा गोग्रा’ यातील गोग्रा म्हणजे घोगरा असे वाचता येते, आणि तो मासा पाण्याबाहेर काढल्यावर कर्कश आवाज करतो हे ध्यानी घेतले म्हणजे नावाची सार्थकता पटते. सर्वांत मनोरंजक उदाहरण ‘नुक्ता’ या नावाचे आहे. त्या काळच्या इंग्रजी लेखनात मराठीचा ऱ्हस्व अ ‘यू’ या अक्षराने दाखवीत. तो नियम लावला की ‘नुक्ता’ या लेखनामागे ‘नकटा’ हा उच्चार उभा राहतो. या माशाच्या तोंडावर खोल खाच असून तिच्यामुळे नाक तुटल्यासारखे दिसते. तेव्हा नाव देणाराची नजर किती अचूक होती हे वेगळे सांगण्याची गरज नाही. शास्त्रज्ञांनी पुढे या माशाला वेगळ्या प्रजातिवर्गात हलविले, पण अग्रक्रमाच्या नियमानुसार साइक्सने दिलेला शब्द कायम राहिला. कृष्णा खोऱ्यातील, दुसऱ्या माशांची खवले खाणाऱ्या एका माशाचे वर्णन कुळकर्णी या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५२ साली केले तेव्हा त्याचे नाव ‘खवलचोर’ असेच ठेवले. ही परंपरा खंडित झाली नव्हती याचा तो पुरावा.

परंतु नकटा आज संकटग्रस्त जातींत गणला जातो. गळकऱ्यांची तरुण पिढी ज्या माशांची नावे घेते ती वेगळी आहेत : कटला, रोहू, मृगळ, चिलापी, सकर. पहिली तीन गंगेच्या खोऱ्यातील माशांची. मत्स्यबीजाबरोबर त्यांची नावेही जलाशयात आली. मृगळ हा शब्द ऐकताच मराठी माणसाला मृग नक्षत्राची आठवण होते, पण तो बंगालकडून आलेला आहे. चिलापीची वाट आणखी लांबची. आफ्रिकेतील त्स्वाना भाषेत माशाला जो शब्द आहे त्यावरून अँड्र्यू स्मिथ या प्राणिशास्त्रज्ञाने १८४० मध्ये ‘तिलापिया’ हे नाव बनविले. हा मासा १९५२ साली भारतात आला. आणि मराठीने तालव्य स्वरापुढील ‘त’चा ‘च’ करून, अंत्य ‘या’ गाळून, त्याला मराठी ईकारान्त स्त्रीलिंगी नामांच्या रांगेत बसविले. म्हणजे ज्याचा मूळ अर्थ केवळ ‘मासा’ असा आहे तो शब्द दोन खंड ओलांडून एका विशिष्ट माशाचे नाव म्हणून उजनीच्या काठी रुळला. गळकरी चिलापीला कमी लेखतो. ती सहज लागते, झुंजत नाही, आणि मादी अंडी व पिले तोंडात सांभाळत असल्यामुळे तिची वाढ अनावर होते, अशी त्याची तक्रार असते. घरी मात्र तीच शिजते.

मत्स्यव्यवसाय खात्याच्या परिभाषेबद्दल येथे एक प्रशंसेचा शब्द आवश्यक आहे. माशांच्या पिलांच्या अवस्थांना खात्याने जिरे, बीज आणि बोटुकली अशी नावे दिली आहेत. बोटाएवढी ती बोटुकली. समजून सांगावे लागत नाही. शासकीय परिभाषा इतकी घरगुती आणि नेमकी क्वचितच असते. बारीक आसाच्या जाळ्यांविरुद्ध गळकरी जेव्हा बोलतो तेव्हा तो हाच शब्द वापरतो, आणि बोटुकली मारणारावर त्याचा रोष चढणीचा मासा मारणारापेक्षाही अधिक असतो.

याच्या उलट पाटबंधारे खात्याचा ‘मृतसाठा’ हा शब्द. उजनीच्या ११७ अब्ज घनफुटांपैकी सुमारे ६३ अब्ज घनफूट पाणी मृत आणि सुमारे ५३ अब्ज घनफूट उपयुक्त मानले जाते. उपयुक्त पाणी संपून पातळी त्याखाली गेली की धरण ‘वजा’मध्ये गेले असे म्हणतात, आणि वर्तमानपत्रांत वजा टक्क्यांचे आकडे येऊ लागतात. कालव्याच्या दृष्टीने ही गणना योग्यच आहे. परंतु गळकऱ्याला हे नाव पटत नाही. त्याच्या मते धरणातील खरे जिवंत पाणी तेच. मासा उन्हाळा काढतो तो त्याच पाण्यात, आणि सोलापूरच्या नळाला येणारे पाणीही अशा वेळी त्याच्याच भरवशावर असते. पातळी जसजशी खाली जाते तसतशी पुणे-पिंपरीकडून नदीतून येणाऱ्या सांडपाण्याची तीव्रता वाढते, पाण्यावर हिरवी साय धरते, आणि पहाटे मासे तोंड वर करून हवा घेऊ लागतात. मरळीसाठी ही नेहमीची गोष्ट. कटला आणि रोहू असे करू लागले म्हणजे पाण्यातील प्राणवायू कमी झाला, हे गळकऱ्याला उपकरणावाचून कळते. त्या दिवशी तो गळ टाकीत नाही. मासा चाऱ्याकडे पाहणार नाही हे त्याचे कारण. आणि लागलाच तर खावा की नाही, हा पुढचा प्रश्न.

धरणाच्या फुगवट्यात गळ टाकण्याच्या जागांची नावेही पाण्याखालचीच आहेत. बुडालेली विहीर, जुना रस्ता, गावठाणाचा ओटा, देवळाचा कळस अशा खुणांनी जागा सांगितल्या जातात. धरणानंतर जन्मलेला मुलगाही न पाहिलेल्या विहिरीचे नाव घेऊन तेथे काठी लावतो. अशा जागी दगडांच्या फटींत वाम आणि कडेच्या झुडपांत मरळ राहते, म्हणून नाव टिकले. उन्हाळ्यात पाणी बरेच वजा झाले की तीच विहीर उघडी पडते. लोक ती पाहायला येतात; गळकरी मात्र तेव्हा तेथे नसतो, कारण मासा आधीच खोल पाण्याकडे निघून गेलेला असतो.